न्हावा-शेवा आणि राहून गेलेला संगणक

रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक २७ जून २०१७ रोजी ठप्प झाले आणि कोणता कंटेनर कोणाचा, हे हाताने शोधण्याची वेळ आली. हे टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरातील यंत्रणेत ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरले होते. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटले. पुढे पसरताना त्याने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे साडेतीन महिने आधी, दिलेला होता.

पॅच वेळेवर लावा, एवढे सांगून मात्र भागत नाही. पॅच राहून गेलेल्या एका संगणकात शिरकाव झाला, की नॉटपेट्या त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचलत असे आणि त्यांच्या जोरावर पॅच लावलेल्या संगणकांतही घुसत असे. त्यामुळे आपल्याकडे संगणक किती आणि कुठे आहेत, याची खरी यादी हेच संस्थेचे पहिले काम ठरते.

दापोली-गुहागरकडच्या एखाद्या पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. मुख्य कार्यालय रात्री अपडेट पाठवते; पण पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या, की शाखा बंद करताना शिपाई मेन स्विचच बंद करून जातो. त्याचे काही चुकत नाही, चुकते ते वेळापत्रक. अशा शाखांत काउंटर बंद झाल्यावर, कर्मचारी हजर असतानाच अपडेट आणि रीस्टार्ट उरकलेले बरे. कोपऱ्यातील पासबुक प्रिंटरचा संगणक अजून विंडोज ७ वर असतो, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) पुढच्या आवृत्तीवर चालत नाही. विंडोज ७ चा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तो संगणक बदलेपर्यंत इंटरनेटपासून आणि इतर नेटवर्कपासून तोडून ठेवावा लागतो.

घाईलाही मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. म्हणून बॅकअप घेऊन आधी दोन-चार संगणकांवर पॅच तपासावा आणि मग तो सर्वत्र न्यावा. मात्र ज्या त्रुटीचा गैरवापर सुरू झाला आहे, तिच्यासाठी ही तपासणी काही तासांतच आटोपावी लागते.

मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. बुधवारी चाचणी, त्यानंतर शाखा, आणि आठवडाअखेर यादीतील ज्या संगणकांवर जुनीच आवृत्ती दिसते, त्या शाखांना फोन.