पडद्यावरचा गड, गावचं तळं

[दृश्य : धानाच्या बांध्या, मधून जाणारी पांदण, टोकाला कौलारू शाळा]

निवेदन :

चौथीचं ‘शिवछत्रपती’ उघडलं की पानोपानी सह्याद्री. घाट, खिंडी, कडे, माच्या, बुरूज. पुण्या-साताऱ्याकडच्या पोरांना यातलं थोडंफार येता-जाता दिसतं. पण ही जिल्हा परिषदेची शाळा आहे भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. इथे खिडकीतून दिसतात त्या बांध्या, आणि त्यापलीकडे तलावाची पाळ.

इथून रायगड हजार किलोमीटरच्या आसपास. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, तरी जाऊन-येऊन चार दिवस, मुक्काम, जेवणं, संमतीपत्रं... नऊ-दहा वर्षांच्या पोरांना एवढ्या लांब पाठवायला किती आईबाप तयार होतील? म्हणून सहल जाते नवेगावबांधला, आणि संध्याकाळी परत येते.

गेल्या वर्षी इथल्या मॅडमनी हिरकणीचा धडा झाल्यावर मुलांना कडा काढायला सांगितला. बहुतेकांनी भिंत काढली. शाळेच्या आवाराची असते तेवढी. एकाने तिला शिडीही लावली होती.

[दृश्य : वर्ग. भिंतीवर टीव्ही, त्याला जोडलेला लॅपटॉप, टेबलावर मॅडमचा मोबाइल]

या वर्षी हिरकणीच्या आधी ‘गूगल अर्थ’, म्हणजे उपग्रहाच्या फोटोंचा नकाशा, आणि त्यावरून रायगडाची आभासी सहल.

सहल रायगडावरून सुरू होत नाही. ती सुरू होते शाळेच्या छपरावरून. आधी आपली शाळा शोधायची, मग हातपंप, मग तलाव, मग ज्याचं त्याचं घर. यात अर्धा तास जातो, आणि तो जाऊ द्यावा. वरून खाली बघणं म्हणजे नकाशा, हे फळ्यावर कितीही समजावलं तरी जे उतरत नाही, ते स्वतःच्या घराचे पत्रे सापडल्यावर उतरतं.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. बोट जिथे असेल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची. गावात तो अडीचशे मीटरच्या आसपास. तो प्रत्येकाने वहीत लिहिलाय. मग पृथ्वी पश्चिमेला सरकते. नागपूर, वऱ्हाड, मराठवाडा, पुणे, आणि घाट उतरून महाड. आकडा एकदम विशीच्या आतबाहेर.

वर्गाचा विश्वासच बसत नाही. डोंगरांच्या मुलखात चाललो होतो, मग महाड आपल्यापेक्षा खाली कसं?

कोकण म्हणजे काय, याची व्याख्या पुस्तकात आहे. ती पाठ झाल्यावर असा प्रश्न सहसा येत नाही. तिथून थोडं उत्तरेला सरकलं की रायगडाचा माथा : आकडा आठशेच्या वर. वहीत वजाबाकी होते. कडा केवढा, याचा पहिला अंदाज मुलांना चित्रातून आला नाही, हातच्याच्या वजाबाकीतून आला.

[दृश्य : पडद्यावर टकमक टोक, आडव्या कोनातून]

आणि इथेच गंमत होते. मॅडम नकाशा तिरपा करतात, टकमक टोकाजवळ जातात, आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, “मॅडम, इथून त घसरत खाली येता येते!”

खरंच येईलसं वाटतं. पडद्यावर कडा विरघळल्यासारखा दिसतो, खडकाचा रंग खालपर्यंत ओघळलेला. याला कारण आहे. या नकाशांतल्या डोंगरांच्या उंचीची बरीचशी मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये झाली. एन्डेव्हर हे अंतराळयान ११ दिवस रडारने पृथ्वी मोजत होतं. त्यातून साधारण दर तीस मीटरला उंचीचा एक ठिपका मिळाला. आता सरळ तुटलेला कडा दोन ठिपक्यांच्या मधेच संपत असेल, तर संगणक काय करणार? वरचा ठिपका खालच्याला जोडतो. झाला उतार. त्यावर वरून काढलेला फोटो पांघरायचा, आणि वरून काढलेल्या फोटोत कड्याची उभी बाजू जवळजवळ नसतेच.

मॅडमनी बाजूला टकमकचा साधा फोटो लावला. कुणीतरी खालून काढलेला. आता दोन्ही चित्रं शेजारी आहेत, आणि वर्गात वाद सुरू आहे की खरं कोणतं. इतिहासाच्या तासाला याहून चांगला वाद कोणता असू शकतो?

ड्रोनचे व्हिडिओ असतात, भरपूर असतात. ढोल-ताशे, मावळणारा सूर्य, भरदार आवाजातलं निवेदन (आम्हीही त्यातलेच, म्हणा). मॅडम आवाज बंद करून दाखवतात आणि दर दहा सेकंदांनी थांबवतात. न थांबवता दाखवलेला गड मुलं सिनेमासारखा बघतात, आणि सिनेमा बघताना हात वर करायचा नसतो.

अडचणी नेहमीच्याच. लाइट जाते. रेंज तलावाच्या पाळीवर येते, वर्गात येत नाही. म्हणून बरीचशी सहल घरी रेकॉर्ड होऊन पेन ड्राइव्हवरून येते. उपकरणांवर फार भिस्त ठेवण्यात तसाही अर्थ नाही. गूगलनेच शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ नावाचं अ‍ॅप काढलं होतं, पुठ्ठ्याचा चष्मा डोळ्यांना लावून जगभर हिंडायचं. २०२१ मध्ये ते बंद झालं. उलट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी परदेशातल्या वर्गांशी जोडून घेतलं, ते मुख्यतः साध्या व्हिडिओ कॉलवर. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा जास्त झाली. माझ्या मते या आभासी सहलींची व्हायला हवी होती.

[दृश्य : पडद्यावर गडमाथा, सरळ वरून]

माथ्यावर आल्यावर मुलांना काय दिसलं? राजसदर नाही, बाजारपेठही नाही. ही तळ्यांच्या जिल्ह्यातली पोरं. त्यांनी आधी पाणी शोधलं.

“तलाव हाय ना तो!” तो गंगासागर. मग हत्ती तलाव, मग कुशावर्त. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव, गावोगाव आहेत. पाणी कुठून येतं, पाळ कुठे घालायची, सांडवा कोणत्या अंगाला, हे इथल्या मुलांनी घरीदारी ऐकलेलं असतं. तेव्हा प्रश्न तयारच होता : डोंगराच्या डोक्यावर नदी नाही, नाला नाही, मग तळं भरतं कशानं? पावसानं. आणि ते खणलं कोणी, कशाला? बांधकामाला दगड लागला, तो तिथूनच काढला. दगड निघाला तिथे पाणी साठलं.

६ जून १६७४ चा राज्याभिषेक म्हटला की सिंहासन, छत्र, नद्यांचं पाणी असं डोळ्यांपुढे येतं. या वर्गात एका मुलीने विचारलं की एवढे लोक आले, त्यांनी प्यायचं पाणी कुठून आणलं. उन्हाळ्याचा शेवट होता, हे तिने तारखेवरून ओळखलं.

[दृश्य : व्हिडिओ कॉल. पडद्यावर दुसरा वर्ग]

मग कॉल लागला महाड तालुक्यातल्या एका शाळेशी. पहिली पाच मिनिटं दोन्हीकडे नुसतं हसणं. नंतर प्रश्न. तिकडेही भात, इकडेही धान, त्यामुळे बोलायला विषय होता. रायगडाच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भंडाऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. आणि तरी तिकडच्या एका मुलाने सांगितलं की मे महिन्यात वाडीवर टँकर येतो.

इकडचा वर्ग गप्प. मग कुणीतरी विचारलं, “तुमच्याकडे तलाव नाही का?”

कातळ, उतार, आणि दोन तासांत नदीला जाऊन मिळणारं पाणी : हे उत्तर तिकडच्या गुरुजींनी दिलं, कॅमेरा खिडकीकडे वळवून. खिडकीत डोंगर होता. त्याची बाजू सरळ तुटलेली, आणि या वेळी ती ओघळलेली दिसत नव्हती. कड्याचा वाद तिथे मिटला.

राजसदरेत नगारखान्यापाशी पुटपुटलेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, म्हणतात. ते लॅपटॉपच्या स्पीकरवर कळणार नाही. चढताना लागणारा दमही नाही. त्यासाठी पायांनीच जायला हवं, आणि यातली काही मुलं पुढे जातीलही.

आता परतीची सहल या वर्गाने द्यायची आहे. तलावाच्या पाळीवर फोन घेऊन सगळे उभे आहेत. फोन कोण धरणार यावर भांडण झालं, मग पाळी लावली. सांडवा दाखवायचा, बांध्यांत पाणी सोडतात ती जागा दाखवायची, आणि गावातल्या एका आजोबांना बोलतं करायचं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यातला एकही भंडाऱ्याच्या जवळचा नाही. पुढची सहल त्यातल्याच सिंधुदुर्गाची. चहूकडे खारा समुद्र, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं फळ्यावर लिहून झालीत. खाली प्रश्नासाठी जागा सोडली आहे.