पराभवानंतर आधी नमुना 20

श्रोतेहो, नमस्कार.

2024 मध्ये महाविकास आघाडीने महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा जिंकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या 288 जागांमध्ये तिच्या तीन मुख्य पक्षांच्या हाती मिळून 46 आल्या. एवढी पडझड झाली की पक्ष आधी यात्रा काढतात. आधी काढायला हवा तो नमुना 20.

कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे या निकालपत्रकात असतं. दोन्ही निवडणुकांची पत्रकं शेजारी ठेवा. मधल्या काळात केंद्रांचे क्रमांक सरकतात, म्हणून जुळवणी गावाच्या आणि वस्तीच्या नावाने करा. इथे घाई केली तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आपली मतं तेवढीच राहिली आणि एकूण मतदान वाढलं, तर बहुधा समोरच्याने नवा मतदार बाहेर काढला. एकूण मतदान तेवढंच आणि आपली मतं घटली, तर आपला माणूस तिकडे गेला. पहिल्या ठिकाणी यादीचं आणि घरोघर जाण्याचं काम. दुसऱ्या ठिकाणी नाराजी ऐकून घ्यायला उमेदवाराने स्वतः बसायचं. दोन्हीकडे एकच सभा घेणं म्हणजे पैसा वाया. 2024 च्या विधानसभेत साकोलीचा निकाल 208 मतांनी लागला, मालेगाव मध्यचा 162 मतांनी. एवढी मतं दोन-तीन केंद्रांवरच हलतात.

मग मतदार यादी. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या अर्हता तारखा, म्हणजे वयाची अठरा वर्षं ज्या दिवशी मोजतात त्या. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना 6, मयत किंवा कायमचे गाव सोडून गेलेल्यांची नावं वगळायला 7, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असली तर 8. उमेदवारी अर्ज दाखल करण्याच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी ही नोंदणी थांबते. बहुतेक कार्यकर्ते जागे होतात ते त्यानंतर. नमुना 7 चे गठ्ठे मात्र खात्री न करता देऊ नका. जिवंत माणसाचं नाव उडालं, तर ते घर कायमचं तुटतं.

मतदानाच्या दिवशी आपला प्रतिनिधी मतदान सुरू होण्याच्या 90 मिनिटं आधी केंद्रावर हवा. अभिरूप मतदानात, म्हणजे यंत्राच्या चाचणीत, किमान 50 मतं टाकून, मोजून, यंत्र पुन्हा शून्यावर आलेलं त्याने पाहायचं. संध्याकाळी 17-सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. मोजणीच्या टेबलावर यंत्राची एकूण मतं ताडून पाहायला तीच प्रत लागते. ती कार्यालयातल्या फायलीत पडून राहू नये, मोजणी प्रतिनिधीच्या हातात असावी.