शाळेसमोरचे सात सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेसमोरचा साधा दुपदरी रस्ता घ्या. एक लेन जाणारी, एक येणारी, रुंदी सुमारे सात मीटर. पाठीवर दप्तर घेतलेलं सहा-सात वर्षांचं मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं. म्हणजे रस्ता ओलांडायला त्याला सात सेकंद हवेत. वेगमर्यादेच्या पाट्या, झेब्रा पट्टे, गतिरोधक आणि हातात ‘थांबा’ची लाल पाटी घेतलेला क्रॉसिंग गार्ड, हे सगळं या सात सेकंदांसाठी असतं.

आधी वेगाचं गणित पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडी जास्त धावते. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाचा सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, थांबायला आणखी पाच मीटर. एकूण साडेसतरा. आता तीच गाडी ताशी ५० नं येऊ द्या. दीड सेकंदात ती जवळजवळ २१ मीटर कापते. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबली होती, तिथून ही पुढे जाते तेव्हा चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो.

‘चाळीस म्हणजे काही फार नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण ताशी ४० ची गाडी त्याच साडेसतरा मीटरच्या खुणेवर पोचते तेव्हा ब्रेक नुकताच लागलेला असतो आणि वेग अजून ३८ च्या आसपास असतो. वेगातला फरक दहाचा, पण एक गाडी मुलाच्या अलीकडे उभी राहते आणि दुसरी जवळजवळ पूर्ण वेगानं धडकते. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी लांबतं. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहनं वारंवार एकत्र येतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा ठेवण्याचा आग्रह धरला गेला.

मुलाच्या बाजूनंही पाहायला हवं. लहान मूल गाडी किती लांब आहे हे पाहतं. ती किती वेगानं येतेय हे त्याला नीट ओळखता येत नाही. लांबची वेगवान गाडी त्याला जवळच्या संथ गाडीपेक्षा सुरक्षित वाटते. ‘दोन्हीकडे बघ’ एवढं शिकवून ही उणीव भरून निघत नाही. ती वय वाढेल तशीच भरते.

आता, पाटी लावली म्हणजे वेग उतरला असं होत नाही. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल तर चालक पाटीपेक्षा रस्त्याचं ऐकतो. तुमच्या शाळेसमोर खरा वेग किती आहे, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपनं मोजून बरोबर ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा. पहिल्या खुणेपाशी उभ्या असलेल्या माणसानं गाडीचं पुढचं चाक खुणेवर येताच हात खाली करायचा, दुसऱ्या खुणेवरच्या माणसानं तेव्हा स्टॉपवॉच सुरू करून चाक आपल्यापाशी येताच थांबवायचं. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०. साडेचार लागले तर ४०. साडेतीनच्या आसपास लागले तर ५०. पुढे कुणी नसलेल्या, स्वतःच्या मर्जीनं वेग ठरवणाऱ्या अशा शंभर गाड्या मोजा, वेग चढत्या क्रमानं लिहा आणि ८५ वा आकडा पाहा. वाहतूक अभियंते याच आकड्यावर बोलतात. सरासरी त्यांना पुरत नाही. चमकतं जॅकेट घालून मात्र मोजायला उभं राहू नका. ते दिसताच गाड्या हळू होतात आणि आकडे खोटे येतात.

वेग खरोखर उतरवतात त्या रस्त्याच्या घडणीतल्या गोष्टी. गतिरोधक गोलसर, सुमारे पावणेचार मीटर लांब आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असेल तर गाडी २५ ते ३० नं आरामात जाते, त्यापुढे दणका बसतो. अरुंद, टोकदार उंचवटा मात्र त्रासच जास्त देतो. दुचाकी त्याला वळसा घालायला कडेनं घुसते, आणि कडेलाच मुलं चालत असतात. दोन गतिरोधकांमध्ये १०० मीटरपेक्षा जास्त अंतर राहिलं की मधल्या पट्ट्यात गाड्या पुन्हा वेग घेतात. सर्वात उत्तम म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीपर्यंत उचलून घेणं: गतिरोधक आणि क्रॉसिंग एकाच जागी, आणि मूलही चालकाला थोडं उंच दिसतं.

दिसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर पार्किंगबद्दल. पहिली-दुसरीतलं मूल साधारण १२० सेंटिमीटर उंच असतं. क्रॉसिंगला खेटून मोठी गाडी उभी असली की ते तिच्यामागे पूर्ण झाकलं जातं. क्रॉसिंगच्या अलीकडे निदान दहा मीटर पार्किंग नको. नुसता रंगाचा पट्टा मारून हे पाळलं जात नाही, तिथे खांब रोवावे लागतात. आणि ती जागा अडवणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा मुलांना सोडायला आलेल्या पालकांच्याच असतात. हे नीट ऐका, कारण याचा उपाय पालकांच्याच हातात आहे.

लुकलुकणारे पिवळे दिवे लावले असतील तर ते शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेपुरतेच चालू हवेत. सुट्टीतही लुकलुकत राहिले तर चालकांची नजर त्यांना सरावते.

आता क्रॉसिंग गार्ड. गार्डचं काम वाहतूक नियंत्रणाचं आहे असा समज असतो. तसं नाही. वाहनांमध्ये पुरेशी फट शोधणं आणि ती न मिळाल्यास तयार करणं, एवढंच त्याचं काम. पुरेशी म्हणजे किती? ओलांडण्याचे सात सेकंद, पाऊल उचलण्याआधीचे तीन, आणि पहिल्या रांगेमागच्या प्रत्येक रांगेसाठी दोन. पाच-पाच मुलांच्या तीन रांगा असतील तर सात, तीन आणि चार मिळून चौदा सेकंद. ताशी ३० ची गाडी एवढ्या वेळात ११७ मीटर येते, ५० ची १९४ मीटर. वेग जास्त असलेल्या रस्त्यावर अशी नैसर्गिक फट मिळतच नाही, आणि मग गार्डला धावत्या गाड्यांसमोर जावं लागतं. म्हणून वेगमर्यादा न पाळता नुसता गार्ड उभा करणं म्हणजे त्या माणसाचाच जीव धोक्यात घालणं.

पद्धत अशी. मुलं फूटपाथच्या कडेपासून दोन पावलं मागे. गार्ड आधी एकटा उतरतो, पाटी वर धरतो, जवळच्या लेनमधल्या चालकाशी नजर मिळवतो. चाकं पूर्ण थांबल्यावरच पुढच्या लेनकडे जातो. सगळ्या लेन थांबल्यावर रस्त्याच्या मध्यावर उभं राहून मुलांना बोलावतो. मुलं चालत जातात, धावत नाहीत. शेवटचं मूल पलीकडच्या फूटपाथवर चढेपर्यंत पाटी खाली येत नाही. सिग्नल असेल तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा नुकताच लागलेला असतानाच सुरुवात करायची. आधीपासून चालू असलेल्या हिरव्यावर नाही, आणि वळून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं.

सर्वाधिक चुका चौपदरी रस्त्यावर होतात. पहिल्या लेनमधली गाडी सौजन्यानं थांबते, चालक हातानं ‘जा’ म्हणतो, मूल निघतं, आणि शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला त्या थांबलेल्या गाडीमुळे मूल दिसतच नाही. चालकाच्या हाताच्या खुणेवर मुलं कधीही सोडू नयेत. अशा ठिकाणी स्टॉप लाइन क्रॉसिंगच्या सहा मीटर तरी अलीकडे हवी आणि गार्ड दोन हवेत.

पाटी दोन्ही बाजूंनी सारखी, निदान ४५ सेंटिमीटर रुंद असावी. जॅकेटचा झगझगीत पिवळा-हिरवा रंग दिवसाउजेडी, ढगाळ हवेतही उठून दिसतो, पण अंधारात तो विझतो. तिथे फक्त प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या कामाला येतात. म्हणून जॅकेटवर दोन्ही हवं. सकाळी सूर्य खाली असताना त्याच्या दिशेनं येणाऱ्या चालकाला गार्ड दिसत नाही असंच धरून चालावं. आणि त्या पाटीमागे कायदा हवा. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्यानं गार्डला गाड्या थांबवण्याचा अधिकार दिला. असा अधिकार नसेल तर गार्ड फक्त विनंती करू शकतो.

शेवटची गोष्ट वेळेची. घंटा झाली की बऱ्याच ठिकाणी गार्ड निघून जातो. पण उशीर झालेलं मूल त्यानंतर येतं, धावत येतं आणि कुठेही न बघता येतं. निदान दहा मिनिटं गार्ड तिथेच थांबला पाहिजे. तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे नाव आदल्या दिवशीच शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.