पावसाळा काढेल तीच वस्तू घरात

मंडळी, जुन्या, मोडीतल्या वस्तू आणून घर सजवायचं, तर सुरुवात टेम्पोच्या भाड्यापासून करू. पाडलेल्या वाड्याचं दार फुकट मिळालं की माणूस खूश होतो. मग ते आणायला छोटा हत्ती, जिन्यावरून चढवायला दोन माणसं, घासायला पॉलिश पेपर, वर तेलाचे हात. एवढं होईपर्यंत फुकटचं दार बऱ्यापैकी महाग पडलेलं असतं. तरीही ते घ्यावं, कारण तसलं सागवान आज नव्यानं विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. फक्त खर्च कुठं होणार ते आधी ओळखायचं. आपल्या बेळगाव भागात तो होतो वस्तूला पावसाळ्यातून पार काढण्यात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर, घाटमाथ्याच्या कडेला. जूनअखेर ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरशी धरते. खानापूर, जांबोटीकडे त्याहून जास्त. तेच अथणी, गोकाककडे गेलात तर लाकूड उन्हानं तडकतं. त्यामुळे कोरड्या हवेत केलेलं काम बघून तसंच्या तसं खानापुरात करायला गेलं तर आषाढात रंगाचे पापुद्रे निघतात.

आधी काय आणायचं नाही ते सांगतो. कडेला फुगलेला प्लाय आणि भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाचं फर्निचर आणू नका, त्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. गाद्या आणि कापड चढवलेल्या खुर्च्या नकोत. ढेकूण एकदा घरात आला की स्वस्ताई संपली. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे कापून कुंडी किंवा आडोसा करायचा मोह होतो. त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कापताना, घासताना त्याची धूळ फुफ्फुसात जाते, तेव्हा त्यांना हातच लावू नका. उसाच्या रानातले औषधाचे डबे कितीही धुतले तरी घरासाठी नाहीत. निपाणी भागात तंबाखूची पोती सहज मिळतात, दिसायलाही छान खडबडीत असतात, पण वास जात नाही आणि पोरांच्या खोलीत तर ती अजिबात नकोत.

आता लाकूड. इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

गुजरीत, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, दार उभं असेल तर आडवं पाडून खालची कड बघा. पावसात उभं राहिलेलं दार खालून कुजतं आणि विकणारा तीच बाजू जमिनीकडे ठेवतो. टोकदार खिळा घेऊन कडेला दाबा. चांगल्या सागवानात तो जेमतेम खूण करतो. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सहज आत गेला तर तेवढा भाग कापावा लागेल, आणि तेवढं कापून उरलेल्यात तुमचं काम होतं का ते तिथंच मोजा. मग भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, असं असेल तर दार कागदावर झोडपून आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. कागदावर नवी भुकटी पडली नाही तर बहुधा किडा गेलेला आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, तेव्हा दार सोडून द्या.

घरी आणल्यावर लगेच घासायला बसू नका. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि वाड्यांची दारं त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाण्यानं ओलं करून वॉटर पेपरनं घासायचं, तोंडाला धुळीचा चांगला मास्क, खाली प्लॅस्टिक. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या अंगणात नको. निघालेला गाळ वाळवून कागदात बांधून टाका, परसात भाजीच्या आळ्यात ओतू नका. ब्लो टॉर्चनं रंग जाळणारे कारागीर आहेत. काम झटपट होतं, पण शिशाची वाफ त्यांच्याही नाकात जाते आणि तुमच्याही.

यानंतर वाळवणं. लाकूड वाळलं हे हात लावून कळत नाही. घरात माणसाचं वजन करायचा काटा असेल तर दार उचलून त्यावर उभे राहा, मग नुसते उभे राहा आणि वजाबाकी करा. आठवड्यानं पुन्हा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आलं की लाकडानं जेवढं पाणी सोडायचं तेवढं सोडलं. पावसाळ्यात हे होतच नाही, म्हणून सामान पावसाळ्यात जमवा आणि काम दिवाळीनंतर काढा. वाळत घालतानाही थेट उन्हात नको, नाहीतर फळी पिळवटते. सावलीत, खाली तीन पट्ट्या देऊन, चारी बाजूंनी वारा लागेल असं ठेवा.

किड्यासाठी टाकणखार आणि बोरिक पावडर. लिटरभर गरम पाण्यात साठ ग्रॅम टाकणखार आणि चाळीस ग्रॅम बोरिक विरघळवा. हातमोजे घालून ब्रशनं उघड्या लाकडाला एक हात द्या, दुसऱ्या दिवशी दुसरा. एका दाराला दोन्ही बाजूंनी साधारण लिटरभर पुरतं. बोरिकऐवजी कॅरमची पावडर चालेल का, असं कुणीतरी विचारतंच. त्यात आणखी काय मिसळलंय हे आपल्याला कळत नाही, तेव्हा केमिकलच्या दुकानातूनच आणा. हे औषध पाण्यात विरघळतं, म्हणजे पाण्यानं धुऊनही जातं. त्यामुळे ते घरातल्या वस्तूला ठीक, गच्चीवरच्या बाकाला नाही. आणि जिथं भाकरी थापायची किंवा भाजी चिरायची त्या फळीला मुळीच नाही. रंगाचा किंवा वॉर्निशचा थर असेल तर ते आत शिरत नाही, म्हणून घासणं आधी आणि औषध नंतर. क्रम उलटला तर दोन्ही कामं वाया.

वर जवसाचं तेल, दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून काढायचं. हे पुसणं लोक टाळतात, जास्त तेल म्हणजे जास्त चमक असं वाटतं. न पुसलेलं तेल चिकट साय धरतं आणि त्यावर गणपतीपर्यंत धूळ बसत राहते. दोन हातांमध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, एकूण तीन हात पुरे. आणि ती फडकी! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा.

आता या लाकडाला पाय कुठले? शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा सगळ्यांना आवडतो, आणि तो खरंच देखणा असतो. पण त्यावर अख्खं दार टाकायचं नाही. सांगाड्याच्या बाहेर दोन्हीकडे नऊ-नऊ इंचांपेक्षा जास्त फळी गेली की कुणी कडेवर कोपर टेकताच टेबल कलतं. एका सांगाड्याला खिडकीची झडप बरोबर बसते. अख्खं दार टाकायचंच असेल तर दोन सांगाडे घ्या. ओतीव लोखंडाला वेल्डिंग धड बसत नाही, तापवलं की बाजूला चीर जाते, म्हणून तुटका सांगाडा स्वस्त मिळाला तरी नको. गंज तारेच्या ब्रशनं काढा, रॉकेल असेल तर त्यानं पुसा, त्यावर रेड ऑक्साइड आणि मग काळा एनॅमल. खालचा पायटा तारेनं पक्का बांधून टाका. लहान मुलाचं बोट चाकात जायला एक क्षण पुरतो.

फळी सांगाड्यावर घट्ट आवळायची नाही. फळ्यांचं दार पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. अडीच फूट रुंदीला हा फरक पाच मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. चारी कोपरे जाम केले तर कुठंतरी फळी फाटणारच. लांबट खाचेचे क्लॅम्प घ्या, स्क्रू खाचेच्या मधोमध मारा, खाली वॉशर द्या. दार सव्वा इंच जाडीचं म्हणजे दहा सूत. एक इंची स्क्रू क्लॅम्पची जाडी वजा जाता सात सूत आत जातो, वरून टोक निघत नाही. कुलपाच्या भोकात फेव्हिकॉल आणि भुसा कालवून भरायची पद्धत आहे, पण फेव्हिकॉल तेल पीत नाही, त्यामुळे तिथं डाग उठून दिसतो. त्यापेक्षा त्याच दाराच्या कापलेल्या भागातून तुकडा काढून बसवा. नाहीतर भोक तसंच ठेवा, वाईट दिसत नाही.

कौलांकडे वळू. खानापूर तालुका लाल मातीचा. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. घरांवर स्लॅब पडले तशी मंगळुरी कौलं उतरून गल्लोगल्ली थप्पी लागली. एक कौल साधारण सोळा इंच लांब, दहा इंच रुंद आणि अडीच किलोच्या आसपास वजनाचं. चांगलं भाजलेलं कौल ओळखायचं तर बोटाच्या पेरानं वाजवा: खणखणीत आवाज आला तर घ्या, बद आवाज आला तर आत चीर आहे.

कौल पाणी फार पितं, भिजलं की अर्धा लिटरपर्यंत पाणी पोटात ठेवू शकतं. म्हणून धुतल्यावर दुसऱ्या दिवशी रंगवलेलं कौल महिन्यात सोलवटतं. शेवाळ कोरड्या ब्रशनं काढा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा, आणि कडक उन्हात किमान तीन दिवस ठेवा. वाळताना पांढरे क्षार वर फुटतात. ते पाण्यानं धुऊ नका, पुन्हा आत जाऊन पुन्हा फुटतील. कोरड्या ब्रशनं झाडा, फुटायचे थांबेपर्यंत. भोक पाडायचं तर कौल ओल्या वाळूवर पालथं ठेवा, भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावा, ड्रिलचा हॅमर बंद करा आणि सिमेंटचा बिट हळू फिरवा. घाई केली तर दुसऱ्या बाजूला खपली उडते.

भिंतीवर दिव्यापुढचा आडोसा म्हणून कौल सुरेख दिसतं. आत पाच वॉटचा एलईडी, मोठा बल्ब नको. पण ते भिंतीला कशानं धरणार हे भिंत सांगेल. पक्क्या विटेत आठ मिलिमीटरचा प्लग चालतो. जांभ्याच्या चिऱ्यात मात्र हॅमर लावला की भोक भुसभुशीत होऊन रुंदावतं आणि प्लग नुसता फिरत राहतो. तिथं हॅमरशिवाय, सांधा सोडून चिऱ्याच्या मध्यात, दहाचा लांब प्लग. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर तर काहीच टांगू नका. तुळईला हूक मारा आणि साखळीनं खाली सोडा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारण्याआधी ड्रिल उसनं आणू नका.

शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्या. माग बंद पडले तसे धोटे (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी ठोकळे), कांड्या, सुताचे कागदी कोन भंगारात यायला लागले. धोटा सव्वा-दीड फुटाचा, गुळगुळीत, वाळलेल्या कठीण लाकडाचा. तीन धोटे एका फळीवर बसवले की चाव्या-पिशव्यांची खुंटी तयार. लाकूड इतकं घट्ट असतं की आधी तीन मिलिमीटरचं भोक न पाडता स्क्रू मारला तर धोटा उभा चिरतो. आणि त्याची लोखंडी टोकं टोचतात, म्हणून फळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका.

पितळेचं थोडक्यात. मोडीत हंडा, घागर वजनावर मिळते. खिशात लोहचुंबक ठेवा, तो चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. चिंच-मीठ लावून लगेच धुवा, रात्रभर ठेवलं तर पितळ लालसर आणि भुरकट पडतं. हंड्यात माती भरून झाड लावू नका, आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा. हंड्याचा दिवा करणार असाल तर धातूच्या अंगाला अर्थिंग हवंच: तीन तारांची वायर, भोकाला रबरी बूच आणि वायर नवी. जुन्या घरातून काढलेली वायर वाकवली की आवरण तडकतं, ती भंगारातच राहू द्या.

शेवटी इरकली साडी. आजीच्या नऊवारीचे पडदे होतात, पण आधी साडी उजेडासमोर धरा. बसण्याच्या आणि टाचेच्या जागी ती विरलेली असते. घड्यांवर दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा, तडतड आवाज आला तर पडदा नको, वाकळ करा. साडी धड असेल तर फीत लावून मोजा. पूर्ण नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जवळपास. सात फुटी दाराला वरची चुणी आणि खालची दुमड धरून एक पडदा दोन मीटर चाळीस सेंटीमीटरचा. तीन निघतात, आणि तीन पडद्यांना सहा फुटी दारावर चांगल्या चुण्या पडतात. मागे पातळ सुती अस्तर लावाच. उन्हाकडचा रंग उतरतो तो अस्तरानं वाचतो, आणि कापडावरचा ताणही कमी होतो. कापायला सुरुवात पदराच्या विरुद्ध टोकाकडून करा. इरकलीचा पदर वेगळा ताणा जोडून विणलेला असतो आणि जुन्या साडीत तो जोड आधी उसवतो, तेव्हा तो पडद्यात यायला नको. पदरासकट जो मीटरभर तुकडा उरेल त्याच्या सतरा इंची दोन पट्ट्या काढा. प्रत्येकीतून सोळा इंची उशीचा पाकिटासारखा एक अभ्रा होतो. घडी अशी घाला की जोड पाठीमागच्या दुहेरी भागात जाईल आणि पदर पुढे दिसेल.