पाणी आत येणारच

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात फळीवरून लाटांवर स्वार होताना (सर्फिंग करताना) घालतात तो अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, हा काही रेनकोट नव्हे. नावातच 'वेट', म्हणजे ओला, आहे. पहिल्यांदा सूट घालून लाटांत उतरलेल्या माणसाच्या पाठीवरून गार धार सरसरत खाली गेली की तो दचकतो, त्याला वाटतं सूट कुठेतरी फाटलाय. फाटलेला नसतो. पाणी आत येणारच. बघायचं एवढंच, की आलेलं पाणी आत मुक्कामाला राहतं, की ते आपलं येऊन-जाऊन असतं.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नेमका हाच विचार केला. त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी नौदलाचे पाणबुडे होते. अंग कोरडं राहिलं तरच ऊब राहणार, अशी तेव्हाची समजूत. ब्रॅडनर यांचं म्हणणं, अंग ओलं झालं तर होऊ द्या. ऊब धरते ती निओप्रीनच्या फेसाळ रबरात कोंडलेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. त्वचा आणि रबर यांच्यामधला पाण्याचा पातळ थर शरीर तापवून घेतं, आणि तो हलला नाही तर काही बिघडत नाही.

हलला तर काय होतं, त्याचा हिशोब बघा. ढगळ सुटात एका लाटेला लिटरभर पाणी शिरलं असं धरू. ते 15 अंश सेल्सिअसवरून 30 अंशांवर न्यायला साधारण 63 किलोज्यूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेलं शरीर सेकंदाला सुमारे 100 ज्यूल उष्णता तयार करतं. म्हणजे साडेदहा मिनिटांची सगळी कमाई एका लाटेत गेली. फळी पुढे नेण्यासाठी पाण्यात हात मारताना शरीर याच्या कितीतरी पट उष्णता तयार करतं, हे कबूल. पण लाटा काय दहा-दहा मिनिटं थांबून येतात?

हा हिशोब मी आधी अंगावर काढला आणि मग कागदावर मांडला. पहिला सूट घेताना दुकानात घातला, तर काय सुटसुटीत वाटला! कमरेच्या वर, पाठीचा कणा आत वळतो तिथे मूठभर कापड हातात येत होतं. मी म्हटलं, बरं झालं, उठता-बसता ओढणार नाही. पाण्यात गेल्यावर त्या मूठभर जागेनं पंपाचं काम केलं. फळीवर पालथं पडून हात मारायला लागलो की आतलं कोमट पाणी दाबून बाहेर, अंग सैल सोडलं की गळ्यातून ताजं गार पाणी आत. लोहाराचा भाता चालावा तसं. पाऊण तासात माझे दात वाजायला लागले. सूट चांगल्यापैकी जाड होता, आणि शेजारचा माणूस माझ्याहून पातळ सुटात मजेत होता.

म्हणून सूट घातला की आरशात पोट बघू नका, पाठ बघा. पाठीचा तो खळगा, दोन्ही काखा, जांघा आणि गुडघ्यांची मागची बाजू, पोकळी राहते ती इथेच. तळहातानं कापड दाबून बघा. खाली लगेच अंग लागलं पाहिजे. गुडघ्यामागे एखादी बारीक चुणी पडली तर चालेल, पाय वाकणारच आहे. पाठीवर मात्र चुणी नको.

जांघेत सूट लोंबत असेल तर लगेच माप चुकलं म्हणू नका. बहुतेक वेळा तो नीट वर चढवलेलाच नसतो. पँट घालतो तसा कमरेला धरून खेचायचा नाही. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाऊल आत सरकवा आणि पिशवी काढून घ्या. मग घोट्यापासून थोडं थोडं कापड बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवत आणा: नडगी, गुडघा, मांडी. नखं लावाल तर रबरावर चंद्रकोरी उमटतात, आणि पुढे तिथेच चिरतं. जांघेत कापड पक्कं बसल्याशिवाय हात घालूच नका, नाहीतर खाली राहिलेली तूट खांद्याला भरावी लागते.

आता घट्टपणाचं. नवा, कोरडा सूट आवडेल त्यापेक्षा थोडा घट्टच वाटायला हवा. ओला झाला की जरा सैलावतो, वापरानं आणखी थोडा. पण 'घट्ट म्हणजे चांगला' हेही खरं नाही. छातीभर श्वास घ्या. अडला तर सूट परत ठेवा. दोन्ही हात डोक्यावर न्या, मग फळीवर मारतो तसे दहा-वीस हात मारा, उकिडवे बसा. खांद्यावर किंचित ताण जाणवेल, तो चालतो. जांघ वर आणि गळा खाली खेचला जात असेल तर धड आखूड पडतंय. छाती बरोबर बसत असेल तर त्याच मापातला उंच माणसाचा सूट मागा, एम असेल तर एमटी. सरळ एल घेतलात तर उंची मिळेल, पण छातीला आणि कमरेला पोकळी येईल.

गळ्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. पट्टी चहूबाजूंनी मानेला चिकटलेली हवी, मान वळवल्यावरसुद्धा. पण आवंढा गिळताना अडकत असेल किंवा डोकं जड होत असेल, तर 'होईल सवय' असं म्हणू नका. दुकानात दहा मिनिटं सूट अंगावर ठेवून नुसतं उभं राहिलात, तरी गळा सांगतो काय ते. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, आणि बोटांना मुंग्या नकोत.

जाडीबद्दल सगळे विचारतात. 3/2 म्हणजे धडाला 3 मिलिमीटर, हातापायांना 2. 4/3 चंही तसंच. पाणी किती गार त्यावर ते ठरवा. पण ढगळ 4/3 आणि चोपून बसलेला 3/2 यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. आणि एकदा बसलेला सूट बसलेलाच ठेवायचा तर ओला असताना खांद्यांवर हँगरला टांगू नका. पाण्याच्या वजनानं खांदे ओघळतात. गोड्या पाण्यातून काढा, कमरेत दुमडून दांडीवर टाका, तोही सावलीत.