ढलप्यांऐवजी भुसा पडू लागला की

चेनसॉच्या बारच्या, म्हणजे जिच्यावरून चेन फिरते त्या लांब पट्टीच्या, खाली काय सांडतंय ते पाहा. जाडसर ढलप्या पडताहेत, म्हणजे चेन स्वतःच्या वजनानेच लाकडात उतरते आहे. आता हा दुसरा ओंडका. लाकूड तेच, चेनसॉ तोच, पण खाली पिठासारखा भुसा. दात बोथट झालेत. इथून पुढे हातांनी रेटावं लागेल, आणि रेटलं की बार तापतो, चेन सैल पडते, कापलेल्या फटीतून धूर येतो. धुरापर्यंत थांबूच नये.

सरपण तोडताना धार लाकडापेक्षा मातीने जास्त जाते. सालीत रुतलेली वाळू दात घासून टाकते. जमिनीला चेन क्षणभर जरी टेकली तरी तासाभराची धार संपली. म्हणून ओंडका घोडीवर, म्हणजे त्याला उचलून धरणाऱ्या चौकटीवर, घ्यावा. जमिनीवरच कापायचा असेल, तर जाडीचे चारातले तीन हिस्से कापून थांबावं, ओंडका लोळवावा आणि उरलेला हिस्सा वरून कापावा.

दात जवळून पाहू. वरची तिरकी कड लाकूड उचलते, बाजूची उभी कड तंतू कापते. दोन्ही कडा मिळतात त्या कोपऱ्यावर सगळा भार, म्हणून झिजतोही तोच आधी. एक दात उजवा, पुढचा डावा. ही रचना अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांना १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवरून सुचली: तिचे जबडे डावी-उजवीकडे कुरतडत जातात.

कड उजेडात धरा. पांढरी रेघ चमकली तर दात बोथट. धारेवर उजेड थांबत नाही.

कानस गोल हवी आणि मापाची हवी. चेनचं इंची माप म्हणजे तिच्या कड्यांमधलं अंतर. लहान चेनसॉवरच्या कमी उंचीच्या ३/८ इंची चेनला ४ मिलिमीटरची कानस, ०.३२५ इंचीला ४.८. बारीक कानस दाताखाली खोल खणते. धार तीक्ष्ण वाटते, पण पातळ असल्यामुळे लगेच मोडते. जाड कानस लावली तर दात लाकडात शिरतच नाही.

इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. बार व्हाइसमध्ये पकडा आणि चेन ब्रेक लावा. सगळ्यात झिजलेला दात शोधून सुरुवात त्याच्यापासून करा, बाकीचे त्याच्याच लांबीला आणायचे आहेत. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाबायची. परतताना उचलून घ्यायची. मागे ओढली की कानशीचेच दाते बोथट होतात. कोन बहुतेक चेनना ३० अंश, दातावरची रेघ तो दाखवते. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहू द्या. प्रत्येक दाताला सारखेच हात, दोन-तीन पुरे. ब्रेक सोडून चेन पुढे सरकवा, पुन्हा लावा. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला उभं राहून उरलेले. टाकीत इंधन भरताना दर वेळी एवढं केलं, तर जोर लावून खूप घासायची वेळच येत नाही.

आणि आता दातापुढचा हा उंचवटा. बहुतेक जण याला विसरतात. दात किती खोल चावेल ते हा ठरवतो. सरपणाच्या चेनमध्ये तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. दात घासला की त्याची उंची कमी होते, उंचवटा मात्र तेवढाच राहतो. मग धार असूनही भुसाच पडतो. तीन-चार धारांनंतर मापपट्टी ठेवून तो सपाट कानशीने घासा आणि पुढची कड पुन्हा गोल करा. अंदाजाने जास्त घासू नका: चेन लाकडाला हिसके देऊ लागते आणि बार अंगावर उसळण्याचा धोका वाढतो.

काप एका बाजूला वळतोय? दात मोजा. काप ज्या बाजूला वळतो, त्या बाजूचे दात बहुधा लांब किंवा जास्त धारदार असतात. लांब दातांना, किंवा दुसऱ्या बाजूच्या बोथट दातांना, कानशीचे दोन हात जास्त द्या, चेन थंड असताना ताण तपासा आणि तोच ओंडका पुन्हा कापून पाहा.