लॅव्हेंडरला हवा असलेला वाफसा

पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्या दिसत आहेत आणि दोन्हींत लॅव्हेंडरच आहे. उजवीकडचे रोप राखाडी-हिरवे आणि ताठ असून त्याच्या शेंड्यांवर जांभळ्या कळ्यांचे तुरे धरले आहेत. डावीकडच्या रोपाची खालची पाने पिवळी पडली आहेत आणि शेंड्यांनी माना टाकल्या आहेत. ज्याने घरी चार झाडे लावली आहेत, त्याचा हात हे डावीकडचे रोप पाहताच आपसूक झारीकडे जाईल, कारण माना टाकलेले रोप म्हणजे तहानलेले रोप, असा आपला सर्वांचा अनुभव असतो.

मात्र कुंडी आडवी करून मुळांसकट मातीचा गड्डा हलक्या हाताने बाहेर काढला की वेगळेच चित्र समोर येते. माती पार चिखलासारखी ओली आहे आणि तिला कुबट वास येत आहे. पांढुरकी व टणक असायला हवी होती ती मुळे तपकिरी आणि लिबलिबीत झाली आहेत. एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढले, तर वरची साल निसटून बोटांना चिकटते आणि आतला सुतासारखा दोरा तेवढा मागे राहतो. हे रोप पाण्यात उभे राहून वाळत आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर तिथवर हवा पोहोचत नाही. गुदमरलेल्या मुळांवर फायटॉप्थोरासारखे मुळकूज घडवणारे रोगकारक सहज ताबा मिळवतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने सुकतात, आणि पाने सुकलेली पाहून आपण आणखी पाणी घालतो. घरी लावलेले लॅव्हेंडर जाते ते बहुतेक वेळा याच फेऱ्यात सापडून.

शेतीच्या भाषेत ‘वाफसा’ हा एक फार नेमका शब्द आहे. माती ना चिखल झालेली, ना कोरडी ठणठणीत, तिच्या पोकळ्यांत ओलावाही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. लॅव्हेंडरची निगा म्हणून जे काही करायचे असते, त्यातले बरेचसे या एका शब्दाभोवती फिरते, आणि कुंडी, माती, पाणी व छाटणी यांच्याकडे आपण त्याच नजरेने पाहणार आहोत.

या वनस्पतीचा स्वभाव तिच्या मूळ ठिकाणाने घडवला आहे. बागेत सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या जाती भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातल्या असून तिथल्या खडकाळ, चुनखडीच्या, उतरत्या जमिनींवर त्या आपोआप वाढतात. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि हिवाळ्यात पडलेला पाऊस दगडांमधून झरझर वाहून जातो. पान जवळून पाहिले, तर ते अरुंद आहे, त्याच्या कडा आत वळलेल्या आहेत आणि त्यावर बारीक लव आहे. त्या लवेमुळेच पानाला राखाडी छटा येते आणि त्यातून उडून जाणारे पाणीही कमी होते. खोड बोटांत फिरवून पाहावे, ते चौकोनी लागते. तुळस आणि पुदिना यांचे खोडही असेच असते, कारण ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत. पण कूळ एक असले तरी सवयी एक नाहीत. पुदिन्याला मानवणारा ओलावा लॅव्हेंडरला सोसत नाही, म्हणून या दोघांना एका कुंडीत लावू नये.

रोप निवडताना जातीचे नाव विचारून घेणे अतिशय महत्त्वाचे आहे. ज्याला ‘इंग्लिश लॅव्हेंडर’ म्हणतात ते मुळात इंग्लंडचे नाही. ते भूमध्य सागरी प्रदेशातल्या डोंगराळ भागातले आहे आणि त्याचे ‘लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया’ हे शास्त्रीय नाव फिलिप मिलर यांनी 1768 मध्ये नोंदवले. त्याचा सुगंध सर्वांत मुलायम असतो, थंडीही ते चांगली सोसते, मात्र दमट उकाड्यात ते लवकर खचते. ‘लॅव्हेंडिन’ हा त्याचा आणि ‘लॅटिफोलिया’ या जातीचा संकर असून तो आकाराने मोठा आणि तेलाने समृद्ध असतो, पण त्याला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो केवळ फाट्यांपासून, म्हणजे कापून रुजवलेल्या शेंड्यांपासूनच वाढवावा लागतो. दातेरी पानांचे ‘डेंटाटा’ उबदार हवेत तुलनेने सुखाने राहते आणि फुलण्यासाठी त्याला कडक हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्या घरी थंडी सौम्य असते त्यांनी सुरुवात त्याच्यापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बियांपासून रोप करता येते, पण त्यासाठी संयम लागतो. बी उगवायला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ जातो. पेरण्यापूर्वी काही आठवडे ते ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास उगवण सुधारते. उगवलेली रोपे मात्र आईसारखीच निघतील, याची खात्री नसते.

आता कुंडीकडे वळू. मातीची, न रंगवलेली कुंडी सर्वांत उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओलावा बाहेर पडतो. तळाला मोकळी छिद्रे हवीत आणि कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा थोडीच मोठी असावी. छोट्या रोपाला प्रशस्त कुंडी देण्याचा मोह अनेकांना होतो, पण जिथवर मुळे पोहोचलेली नाहीत ती माती दिवसचे दिवस ओलीच राहते. मिश्रणात एक तृतीयांश ते निम्मा भाग भरड वाळू, बारीक खडी किंवा पर्लाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) असावे. वाळू भरडच हवी, कारण पिठासारखी बारीक वाळू पोकळ्या बुजवते आणि निचरा सुधारण्याऐवजी बिघडवते. नुसते कोकोपीट वापरू नये, ते पाणी धरून ठेवते. मातीचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच) 6.5 ते 7.5 च्या दरम्यान असावा, किंचित अल्कधर्मी असला तरी झाडाची तक्रार नसते.

इथे एका जुन्या सवयीबद्दल बोलणे भाग आहे. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा गोट्यांचा थर देण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते, आणि जो ओला थर कुंडीच्या तळाशी राहिला असता तो गोट्यांच्या जाडीइतका वर, थेट मुळांच्या आसपास येतो. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा आणि भरड कण तळाशी न रचता सगळ्या मातीत मिसळावेत.

पाणी किती दिवसांनी घालावे, या प्रश्नाला दिवसांत उत्तर नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसून पाहावे आणि तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. त्याहून खात्रीची रीत म्हणजे कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलून तिचे वजन पाहणे. भरपूर पाणी दिल्यावर एकदा आणि काही दिवसांनी एकदा उचलली की हाताला फरक कळू लागतो आणि मग बोट खुपसण्याचीही गरज उरत नाही. द्यायचे तेव्हा मात्र तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. रोज घोट घोट पाणी घातल्याने वरची माती कायम ओली राहते आणि खालची मुळे कधी बुडलेली, तर कधी उपाशी राहतात. यात एक सावधगिरी आहे. जमिनीत मुरलेले लॅव्हेंडर कोरड सोसते, पण कुंडीतल्या रोपाला मुळे पसरायला जागा नसते, आणि नव्याने लावलेल्या रोपाची मुळे तर अजून धरलेलीही नसतात. अशी रोपे खरोखरच तहानेनेही सुकतात. त्या वेळी कुंडी हलकी लागते आणि पाने चुरचुरीत वाटतात.

दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन हवे. खोलीतल्या उजेडात रोप लांबुळके होते, विरळ वाढते आणि फुले धरत नाही, म्हणून शक्यतो ते बाहेरच ठेवावे. दमट हवेत दोन रोपांमध्ये मोकळी जागा सोडावी आणि मातीवर पालापाचोळ्याऐवजी खडीचे पातळ आच्छादन द्यावे, त्यामुळे खोडाचा बुंधा कोरडा राहतो. खताचे फारसे लाड करू नयेत. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि तुरे कमी येतात.

छाटणीचा विषय सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण हात आखडल्यानेही रोप बिघडते आणि हात सैल सोडल्यानेही. न छाटलेले लॅव्हेंडर काही वर्षांत खालून लाकडी आणि उघडे पडते, फांद्या स्वतःच्याच भाराने फाकतात आणि मधोमध पोकळी तयार होते. म्हणून बहर ओसरला की तुऱ्यांचे दांडे आणि त्याखालची थोडी पानांची वाढ मिळून सुमारे एक तृतीयांश भाग कापावा. कुठवर कापायचे, ते आता कॅमेरा जवळ नेऊन पाहू. फांदीवर वरून खाली येताना पाने विरळ होतात आणि शेवटच्या काही पानांच्या बगलेत बारीक, राखाडी-हिरवे कोंब दिसतात. कात्री त्या कोंबांच्या वर चालली पाहिजे. त्यांच्या खाली करडे, निष्पर्ण लाकूड सुरू होते आणि तिथून नवी पालवी सहसा फुटत नाही. पहिल्या वर्षी आलेले तुरेही खुडून टाकावेत. ते मनाला जड जाते, याची मला कल्पना आहे, पण त्या वर्षी रोपाची ताकद मुळांत आणि बुंध्यात गेलेली बरी.

सुगंध कुठे असतो, हे भिंगातून पाहण्यासारखे आहे. जांभळ्या पाकळ्यांपेक्षा त्यांना धरून असलेल्या पुष्पकोशावर, त्याच्या उभ्या कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांत, तेलाच्या चकाकत्या सूक्ष्म ग्रंथी बसलेल्या दिसतात. हात फिरवला की त्या फुटतात आणि लिनालूल व लिनालिल ॲसिटेट ही प्रमुख सुगंधी द्रव्ये हवेत पसरतात. लॅव्हेंडिनमध्ये कापराचा अंश अधिक असल्याने त्याचा वास उग्र लागतो. वाळवण्यासाठी तुरे कापायचे ते खालची थोडी फुले उमलली असताना, सकाळी दव सुकल्यावर. जुडी रबराने बांधावी, कारण वाळताना देठ आकसतात आणि दोऱ्याची गाठ सैल पडते. अंधाऱ्या, हवेशीर जागी ती उलटी टांगली की दोन ते चार आठवड्यांत वाळते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर रोप व तेल दोन्ही त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावे, कारण ते त्यांना बाधते.

आता त्या डावीकडच्या कुंडीकडे परत जाऊ. कुजलेली मुळे कापून, उरलेली कोरड्या, भरड मिश्रणात लावून आणि वरची वाढ कमी करून हे रोप वाचवण्याचा प्रयत्न केला आहे, परंतु इतक्या पुढे गेलेली मुळकूज क्वचितच मागे फिरते. म्हणून त्याच्या अजून ताठ असलेल्या तीन बिनफुलांच्या शेंड्यांचे सात ते दहा सेंटिमीटर लांबीचे फाटे पेराखाली कापून घेतले, त्यांची खालच्या अर्ध्या भागातली पाने उतरवली आणि ते ओलसर भरड वाळूत खोचले. वर प्लास्टिक झाकले नाही, कारण लवदार पाने कोंडलेल्या ओलाव्यात सडतात. कुंडी थेट उन्हाऐवजी भरपूर उजेडात ठेवली. पाचव्या आठवड्यात एक फाटा काळा पडून गेला होता. दुसरा चिमटीत धरून अलगद ओढला, तर तो तसाच वर आला. तिसरा मात्र जागचा हलला नाही, आणि त्याच्या शेंड्याला लवेने झाकलेली दोन नवी पाने होती.